ऊन आहे

१२ सप्टेंबर

ती. ताईंना सा. न.

तुमचा थर्मामीटर काल पोचला. पितळी नळी, आत कापूस, वर सुतळीच्या सात गाठी. गाठी सोडताना तुमचे बंधुराज म्हणत होते की ताईने शाळेत कधी पास होऊ दिलं नाही, आता समुद्रातही नापास करणार. गाठी सुटल्याबरोबर त्याने तो आधी लेकीच्या काखेत लावला, मग माझ्या चहात बुडवला, आणि शेवटी माझ्या मुठीत देऊन जाहीर केलं की यंत्र बिघडलेलं आहे, कारण इतका खालचा आकडा जिवंत माणसाचा नसतो. सात वर्षं झाली लग्नाला, तरी ही चेष्टा जुनी होत नाही. बर्फाच्या कारखान्यात दिवसभर लाद्या ओढल्यावर हात गारच पडणार, त्याला मी काय करू? गारगोटी हे नाव त्याने पाडलं आणि आता तुम्हीही पत्रावर तेच घालता. पोस्टमन हसतो.

बोटीची डागडुजी चालली आहे, म्हणून स्वारी महिनाअखेरपर्यंत घरी. सकाळी लेकीची आंघोळ त्याच्याकडे असते. मी सहाला कारखान्यात जाते, त्यामुळे दोघं काय गोंधळ घालतात ते मला दिसत नाही. परत येते तेव्हा मोरीच्या भिंती छतापर्यंत ओल्या असतात आणि दोघंही साळसूद चेहऱ्याने बसलेली असतात.

एक विचारायचं होतं. समुद्रात गरम पाण्याची नदी असते असं तो म्हणतो. ती गार पाण्याला घासत जाते आणि त्या काठाला मासे जमतात, असं तुम्ही सांगितलंत म्हणे. बोटीच्या इंजिनावरच्या मोठ्या मिस्त्रीला हे पटत नाही, पण बोटीवरचे बाकीचे दोघं याच्या बाजूने आहेत. या खेपेला नेहमीच्या जागेच्या पुढे जायचं त्यांचं चाललं आहे. मला विचाराल तर ओळखीचं पाणी बरं. पण मला विचारतो कोण? मला फक्त बर्फातलं कळतं.

लांब गेला की बोलणंही होत नाही. बिनतारी खोलीच्या खिडकीशी संध्याकाळी पाचला उभं राहायचं आणि रेडिओकाका एका बोटीला एक मिनिट देतात. त्या मिनिटातलं अर्धं खरखरीत जातं.

तुमची,
गारगोटी


२० सप्टेंबर

चि. गारगोटीस अनेक आशीर्वाद.

पोस्टमनला हसू दे. त्याचं काम रुक्ष आहे.

तू विचारलंस म्हणून समजावून सांगते. तुझ्या नवऱ्याला दहा वेळा सांगून झालं, पण पालथ्या घड्यावर पाणी. लहानपणी आई आम्हा दोघांना एकाच टपात बसवायची. गार पाण्यात कडेने ऊन पाणी सोडायची आणि आम्हाला ढवळू द्यायची नाही. मग जरा हललं की एका पोटरीला ऊन लागायचं आणि दुसरीला गार. दोन्ही पाणीच, पण एकत्र आलं म्हणून लगेच मिसळतं असं नाही.

समुद्रात हेच मोठ्या मापाने होतं. दक्षिणेच्या उबदार समुद्रातून एक प्रवाह वर उत्तरेला येतो आणि आपल्या गार पाण्यातून वाट काढत जातो. साठ-सत्तर किलोमीटर रुंद. वेग तू घाईत चालतेस तेवढा, पण तो दिवसरात्र थांबत नाही. नदीच म्हण, फक्त तिचे काठही पाण्याचे. त्यामुळे काठ जागेवर राहत नाही. आज इथून वाहते, महिन्याने पन्नास किलोमीटर बाजूने. वळणं घेते, एखादं वळण फुगत जातं आणि तुटतं, की त्याचं ऊन पाण्याचं तळं होऊन ते गार समुद्रात महिनोन्महिने गरगरत राहतं.

दर सोमवारी नकाशावर तो काठ लाल पेन्सिलीने आखणं हे माझं काम. जहाजं बादलीने पाणी वर ओढून मोजतात आणि आकडे कळवतात. पण तुमच्या टापूतून जहाजं जातात किती? कधी दोन, कधी एकही नाही. मग मागच्या सोमवारची रेषा थोडी सरकवायची आणि आखायची. साहेब त्याला शास्त्र म्हणतात. मी अंदाजपंचे म्हणते, पण मनात.

म्हणून त्याला थर्मामीटर दिला. आकडा लिहायचा कंटाळा आला तर वायरलेसवर एक शब्द टाकला तरी माझी रेषा सुधारेल, असं त्याला सांग. आणि मासे काठाला असतात हे खरं असलं तरी लांब जा असं मी सांगितलेलं नाही, हेही ठणकावून सांग.

भिंती पुसायला त्यालाच लाव.

ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईंना सा. न.

तारा झाल्या, कारखान्यातून दोनदा फोन झाला. पण फोनवर मागे माणसं उभी असतात आणि तारेत शब्द मोजावे लागतात. म्हणून लिहिते आहे.

दोन तारखेला पहाटे बोट गेली. तीन तारखेला संध्याकाळी पाच वाजता मी खिडकीशी उभी होते. रेडिओकाकांनी बोट लावून दिली, मिनिटभर बोलणं झालं. सगळं ठीक होतं, हवा चांगली होती. चार तारखेला आपल्या बोटीची पाळी नव्हती, आणि त्याच रात्री वादळ आलं. पाच तारखेला संध्याकाळी बोटीवरच्या चौघांच्या घरची माणसं खिडकीशी उभी राहिली आणि आतून नुसती खरखर. काकांनी मिनिटाच्या जागी तासभर दिला. सहा तारखेलाही दिला. त्यांना दुसरं काही देता येत नव्हतं.

तुमची सहा तारखेची तार आली तेव्हा मी धक्क्यावर होते. पाण्याबद्दल काही बोलला का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी तिथूनच उलट तार केली. नाही बोलला.

लेकीला सांगितलंय की बोटीला उशीर झालाय. मोठ्या मिस्त्रीची बायको दर दोन तासांनी येऊन बसून जाते. मी कारखान्यात जाते आहे. नाही गेले तर बोटींना बर्फ कोण देणार, आणि शोधायला गेलेल्या बोटीही बर्फ मागतात, कारण त्यांचं पोटही मासळीवरच आहे. लादी भुग्याच्या यंत्रात ढकलताना आवाज इतका होतो की तेवढा वेळ बरं वाटतं.

ताई, पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं हेच तुम्ही रोज बघता. मग तो कुठे असेल ते सांगा. मी दुसरं काही मागत नाही. मला विचारायला दुसरं माणूस नाही.

गारगोटी


१५ ऑक्टोबर

चि. गारगोटीस,

सहा तारखेपासून मी शोधाच्या खोलीत बसते आहे. मोठं टेबल आहे, त्यावर माझाच सोमवारचा नकाशा पसरलेला आहे, आणि ज्यांच्या ताब्यात शोध आहे ते अधिकारी त्यावर पट्टी ठेवून चौकोन आखतात. रोज दोन विमानं आणि चार बोटी त्या चौकोनांत फिरतात.

बोट शेवटी कुठे होती ते आपल्याला साधारण माहीत आहे. माझ्या रेषेप्रमाणे ती जागा प्रवाहाच्या बाहेर, गार पाण्यात येते. गार पाणी संथ असतं, नैर्ऋत्येला हळूहळू सरकतं. म्हणून शोध त्या बाजूला आहे. बोटीवर तराफा होता, चौघंही पोहणारे आहेत. भिंतीवर एक तक्ता टांगलेला आहे, किती अंशाच्या पाण्यात माणूस किती तास काढतो त्याचा. मी त्याच्याकडे पाठ करून बसते आणि तूही मला त्याबद्दल विचारू नकोस.

मी बिनतारी खोलीत फोन करून त्यांची वही वाचून घेतली. तीन तारखेसमोर "सर्व ठीक, हवामान स्वच्छ" एवढंच आहे. तुझी तारही तेच सांगते. त्याच्याकडे थर्मामीटर होता आणि मी सांगून ठेवलं होतं, म्हणून आशा होती. विसरला असेल. लहानपणीही सांगितलेलं काम सोडून सगळं करायचा.

अधिकारी मला दोनदा म्हणाले की घरी जा, तुमचा भाऊ आहे तर तुम्ही इथे बसू नये. पण नकाशा माझा आहे, तर मी दुसरीकडे बसून काय करू? मी इथे आहे आणि मला काही करता येत नाही, एवढं तुला खरं सांगते.

ताई


२९ ऑक्टोबर

ती. ताईंना सा. न.

शोध थांबवल्याचं पत्र आम्हा चारही घरांना एकाच दिवशी आलं. मजकूर एकच, फक्त वरची नावं वेगळी. मिस्त्रीच्या बायकोने माझ्याकडून वाचून घेतलं आणि मग तिचं माझ्या हातात देऊन म्हणाली, हेही वाच, कदाचित वेगळं असेल. मी वाचलं.

आता एक सांगायचं आहे. एका मालवाहू जहाजाला आपल्या बोटीचं मासळीचं खोकं तरंगताना मिळालं. वर बोटीचा नंबर आहे, तो तुमच्या भावाच्याच हातचा. आकड्यांतला नऊ तो उलटा काढतो. जहाजाच्या माणसाने जागा लिहून दिली ती बंदराच्या ऑफिसात नकाशावर लावून बघितली. ती ईशान्येला आहे, ताई. सहाशे किलोमीटर. तुम्ही म्हणालात गार पाणी नैर्ऋत्येला हळूहळू सरकतं. मग खोकं उलट्या बाजूला इतकं लांब कसं गेलं? ऑफिसातल्या माणसाने नकाशा गुंडाळून ठेवला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी सापडली आणि बुडता नाही.

लेक आता विचारत नाही. कुणीतरी शाळेत सांगितलं असावं. ती रोज संध्याकाळी पाचला घड्याळाकडे बघते आणि मग माझ्याकडे बघत नाही.

मला तुमच्याकडून उत्तर हवं आहे. पटणारं नसलं तरी चालेल.

गारगोटी


८ नोव्हेंबर

चि. गारगोटीस,

पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

खोकं तिकडे गेलं याचा अर्थ ते कुठेतरी प्रवाहात शिरलं. पण कुठे आणि केव्हा, ते मला सांगता येत नाही. बोट बुडाली तेव्हाच प्रवाहात असेल, तर माझी रेषा चुकली आणि आम्ही नको त्या बाजूला दहा दिवस शोधत राहिलो. आधी गार पाण्यात भरकटून मग खोकं काठावरून आत ओढलं गेलं असेल, तर रेषा बरोबर होती. दोन्ही होऊ शकतं. साहेब दुसरं म्हणतात. त्यांना ते सोयीचं आहे, आणि मलाही.

ती रेषा मी कशावरून आखली ते तुला माहीत असावं. एका जहाजाचा आकडा, तोही सतरा दिवसांचा शिळा. त्या आठवड्यात वळण फुगून वर आलं असेल तर मला कळायला मार्ग नव्हता. तो एक शब्द बोलला असता तर कळलं असतं. मी हे मेलेल्या माणसावर ढकलते आहे, हे मला दिसतं आहे.

आणि सप्टेंबरच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. लांब जा असं मी सांगितलं होतं. मे महिन्यात तो आला होता तेव्हा नकाशावर बोट ठेवून मीच दाखवलं की इथे जा, इथे मासळी खच्चून असेल. त्याचे डोळे चमकले तेव्हा मला बरं वाटलं. जन्मभर तो माझ्या आकड्यांना हसला, एकदा तरी त्याला त्यांचा उपयोग व्हावा असं वाटलं होतं.

तू मला काय म्हणशील ते म्हण.

ताई


३ डिसेंबर

ती. ताईंना सा. न.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रागावले म्हणून उशीर केला असं समजू नका. रागावायला अंगात जोर लागतो.

तुम्ही दाखवलं म्हणून तो गेला, हे मला आधीच ठाऊक होतं. मे महिन्यात परत आला तेव्हा आठवडाभर तेच बोलत होता. तुम्ही नसतं दाखवलं तर आणखी कुणी दाखवलं असतं. मासळी आहे म्हटल्यावर तो कुठेही गेला असता. तेव्हा तो दगड तुम्ही गळ्यात बांधून घेऊ नका.

तुम्ही खरं सांगितलंत तर मलाही एक सांगायला हवं. लहानसंच आहे, पण ते मी दोन महिने मनात दाबून ठेवलंय आणि ते तुमचं आहे.

तीन तारखेला सकाळी लेकीचा पहिला दात पडला. ती म्हणाली, बाबांना आजच सांग. मी पाचला खिडकीशी उभी होते, दात रुमालात बांधून नेला होता, जसा काही तो वायरलेसवर दिसणार होता. बोट लागली आणि मी तोंड उघडायच्या आत हा सुरू झाला. "ताईला सांग, ऊन आहे. ऊन आहे म्हणावं, विसरू नको." मग खरखर, आणि मिनिट संपलं. दात राहिला. मी कशी आहे, लेक कशी आहे, काही नाही. ताईला सांग.

मला इतका राग आला की घरी येईपर्यंत ठरवलं, नाही सांगणार जा. खरं सांगते, मी तुम्हाला थोडंसं पाण्यात पाहायची. तुम्हा दोघांचं गूळपीठ होतं, त्यात मला कधी शिरता आलं नाही. मग चार तारीख आली, आणि पुढे त्या निरोपाचं नावसुद्धा काढवेना. तिकडे ऊन पडलंय की पाऊस, ते तुम्हाला कळवून काय करायचं होतं ते त्यालाच ठाऊक. रेडिओकाकांनी हवामान स्वच्छ असं लिहून टाकलं, मीही सगळ्यांना हवा चांगली होती असंच सांगितलं. पण त्याचे शेवटचे शब्द तुमच्यासाठी होते आणि मी ते ठेवून घेतले. आज देते.

उशीर झाला, माफ करा.

गारगोटी


२१ डिसेंबर

चि. गारगोटीस,

निरोप मिळाला.

त्यात तुझी काही चूक नाही. हवेबद्दल बोलायची त्याला सवयच होती, मला भेटला की आधी आभाळाची गोष्ट. मला तो निरोप आधी कळला असता तरी काही फरक पडला नसता. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, कामाच्या अनुभवावरून लिहिते.

नकाशाचं काम मी सोडलं आहे. आता जुन्या कागदांच्या खोलीत बसते, तिथे खिडकी नाही आणि कुणी काही विचारत नाही. मुद्दाम मागून घेतलं.

लेकीचा दात जपून ठेव. स्वतःला जप. माझ्याकडून पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस, हल्ली लिहिणं होत नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईंना,

काल यंत्र बिघडलं म्हणून कारखाना बंद होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा सकाळी घरी होते. एरवी शेजारच्या मावशी लेकीला आंघोळ घालतात, काल मी घातली. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, घरात दिवा लावायला लागला होता. मी बादलीत पाणी काढलं आणि तिला हाक मारली. तिने पाय घातला, मान वर केली आणि म्हणाली, "ऊन आहे."

मी म्हटलं, ऊन कुठलं, आभाळ बघ कसं झालंय. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच लहान आहे. "पाणी ऊन आहे," ती म्हणाली. "बाबा घालायचे तेव्हा मी पाय घालून सांगायचं असायचं. गार की ऊन."

ताई, मी मोरीतच खाली बसले. ती घाबरली, तिला वाटलं तिचं काही चुकलं.

नंतर तुमचं सप्टेंबरचं पत्र काढलं. त्यात तो शब्द एकदा नाही, तीनदा आहे. तेव्हा वाचून मी हसलेही होते, तुम्हा दोघांना एका टपात डोळ्यांपुढे आणून. शब्द मला माहीत नव्हता असंही नाही. पण आमच्याकडे पाणी गरम नाहीतर कढत. ऊन पडतं, ऊन लागतं, ऊन तापतं. ऊन आहे म्हटल्यावर मी दुसरं काय समजणार होते? रेडिओकाकाही तेच समजले. आज त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी वही काढून ती ओळ बघितली आणि डोक्याला हात लावून बसून राहिले.

तुम्ही लिहिलंत, हवेबद्दल बोलायची त्याला सवयच होती. सात वर्षांत तो माझ्याशी एकदाही हवेबद्दल बोलला नाही. वादळ दारात आलं तरी बोलायचा नाही. तेव्हाच मला ओळखता आलं असतं की तुम्ही खोटं लिहिताय. पण मला ते खोटं हवं होतं.

तुमची तार सहा तारखेला आली. शोध पंधरापर्यंत चालला. मधले नऊ दिवस मी मोजले आहेत, पुन्हा पुन्हा मोजते आहे. ऊन पाण्यात माणूस जास्त वेळ काढतो, हेही आता मला कळलं आहे. म्हणजे तो निरोप पोचवून निर्धास्त होता. ताईला कळलंय, ती बरोबर जागी बोटी पाठवेल, असं धरून तो तिकडे ईशान्येला जात होता आणि वाट बघत होता. आणि निरोप माझ्यापाशी होता.

माझी समजूत घालू नका. तुम्ही डिसेंबरात एकदा घातली, पुरे झालं. मला फक्त एक विचारायचं आहे, आणि या खेपेला खरं तेच लिहा. माझे हात नुसते मानेला लागले तरी तो ओरडायचा, गारठा त्याला जरासुद्धा सोसायचा नाही. पाणी ऊन होतं, तर त्याला थंडी तरी वाजली नसेल ना?

गारगोटी


२२ फेब्रुवारी

चि. गारगोटीस,

तुझं डिसेंबरचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं. निरोपाच्या पुढचं वाक्यही पुरं वाचलं नाही. कपाटातून ऑक्टोबरचा नकाशा काढला, माझी रेषा खोडली आणि बोट प्रवाहात येईल अशी तिच्या वरून नवी आखली. मग चार तारखेच्या रात्रीपासून दिवस मोजत गेले. खोकं जिथे सापडलं तिथे बरोबर येऊन पोचले. आमचा एकही चौकोन त्या वाटेवर नव्हता.

तुझा राग आला होता. दोन दिवस भयंकर आला, ते लपवत नाही. म्हणून लगेच लिहिलं नाही, आणि लिहिलं तेव्हा खोटं लिहिलं. पण तिसऱ्या दिवशी तारेची नक्कल काढून बघितली. मी विचारलं होतं, "पाण्याबद्दल काही बोलला का?" ऊन म्हणाला का, गार म्हणाला का, एवढं विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि तेव्हा सहाच तारीख होती. शब्द आमच्या घरचा होता. आई स्वयंपाकघरातून विचारायची, तो टपात बोट घालून ओरडायचा, आणि मग मी जायची. तो शब्द ऐन वेळी मलाच सुचला नाही. ऑफिसात इतकी वर्षं काढून मी पाण्याला नुसतं पाणी म्हणायला लागले होते. तुझ्यावरचा राग गेला, हा स्वतःवरचा अजून गेला नाही.

त्या निरोपाचं ओझं तू एकटीने घेऊ नकोस. निम्मं माझं आहे, ते माझ्याकडेच राहू दे. सुट्टी लागली की लेकीला घेऊन ये. नाहीतर मी येते. मला इथे आता काही काम नाही.

तू विचारलंस त्यासाठी भिंतीवरचा तक्ता जाऊन बघितला, या खेपेला समोर उभी राहून. त्या आठवड्यातलं पाणीही मागाहून हाती आलेल्या दुसऱ्या जहाजाच्या नोंदीवरून ताडून बघितलं. शेवटचं सांगता येणार नाही. पण बरेच तास, कदाचित पुरता एक दिवस, नाही गं. थंडी वाजली नसेल.

ताई